समाकलन सोडवताना: आधी अंतराल पाहा, मग सूत्र शोधा

∫[−१ ते १] (१/क्ष²) डीक्ष हे उदाहरण दिले, तर सूत्रे पाठ असलेला विद्यार्थी ते दोन ओळींत संपवतो. १/क्ष² चे समाकलन −१/क्ष. त्यात वरची सीमा घातली की −१ येतात, खालची घातली की +१ येतो, आणि वजाबाकी −२. आकडेमोड बिनचूक आहे, तरीही हे उत्तर अशक्य आहे. १/क्ष² हे फलन जेथे जेथे अस्तित्वात आहे तेथे धन आहे, त्याचा आलेख क्ष-अक्षाच्या वरच राहतो, आणि अक्षाच्या वरच्या क्षेत्राचे मोजमाप ऋण येऊ शकत नाही.

हा लेख बारावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात समाकलन शिकू लागलेल्यांसाठी आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा या विषयाकडे वळलेल्यांसाठी आहे. अवकलनाचे नियम येतात असे मी गृहीत धरले आहे. सूत्रांचा तक्ता कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतो. ती सूत्रे कोणत्या अंतरालावर खरी असतात आणि कोठे ती निमूटपणे दगा देतात, याकडे मात्र शिकवताना पुरेसे लक्ष दिले जात नाही असे माझे मत आहे. म्हणून येथे पद्धती क्रमाने घेतल्या आहेत, पण प्रत्येक पद्धतीत जास्त वेळ तिच्या अटींना दिला आहे. चलासाठी क्ष, बदललेल्या चलासाठी ट आणि स्थिरांकासाठी क ही अक्षरे वापरली आहेत. लॉग म्हणजे ई या पायाचा, अर्थात नैसर्गिक, लॉगॅरिदम, आणि उदाहरणांतील ‘पाय’ म्हणजे π ही संख्या.

एक चिन्ह, दोन प्रश्न

∫ हे चिन्ह लायब्निट्झ यांच्या २९ ऑक्टोबर १६७५ च्या हस्तलिखितात प्रथम दिसते, आणि ते बेरजेचे चिन्ह आहे. निश्चित समाकल म्हणजे मुळात बेरीजच: अंतरालाचे लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची रुंदी तेथील फलनाच्या मूल्याने गुणायची, सगळे गुणाकार मिळवायचे, आणि तुकडे अधिकाधिक बारीक केल्यावर ही बेरीज कोणत्या संख्येकडे जाते ते पाहायचे. रीमान यांनी १८५४ साली या कल्पनेला जी काटेकोर व्याख्या दिली, तीच आज पहिल्या वर्षात शिकवली जाते. अनिश्चित समाकलाचा प्रश्न निराळा आहे. तेथे बेरीज नसते. दिलेले फलन ज्याचे अवकलज आहे असे दुसरे फलन, म्हणजे प्रतिअवकलज, शोधायचे असते.

या दोन प्रश्नांना कलनशास्त्राचे मूलभूत प्रमेय जोडते. फ हे फलन अ पासून ब पर्यंतच्या संपूर्ण बंद अंतरालावर संतत असेल आणि त्याच अंतरालावर ग चे अवकलज फ असेल, तर ∫[अ ते ब] फ(क्ष) डीक्ष = ग(ब) − ग(अ). या वाक्यातील ‘संपूर्ण’ हा शब्द वाचताना सहज निसटतो, आणि सुरुवातीच्या उदाहरणातील घोटाळा नेमका तेथेच आहे. १/क्ष² हे फलन ० या बिंदूवर अस्तित्वातच नाही आणि ० हा −१ व १ यांच्या मध्ये येतो, त्यामुळे प्रमेय वापरण्याचा अधिकारच आपल्याला नव्हता. निश्चित समाकल समोर आला की पेन उचलण्यापूर्वी दोन सीमांच्या मध्ये छेद शून्य होतो का, लॉगच्या आत शून्य किंवा ऋण संख्या येते का, टॅन किंवा सेक कोठे अनंताकडे जातो का, हे तपासणे ही पहिली पायरी आहे. तिला अर्धे मिनिट पुरते.

दोन्ही प्रश्न खरोखरच वेगळे आहेत, हे एका साध्या फलनावरून पटते. ० ते १ च्या आधीपर्यंत ०, १ ते २ च्या आधीपर्यंत १ आणि २ वर २ असे मूल्य देणारे पूर्णांकभागाचे फलन घ्या. ० ते २ या अंतरालावर त्याखालचे क्षेत्रफळ १ आहे, त्यामुळे निश्चित समाकल आहे. पण त्या अंतरालावर ज्याचे अवकलज सर्वत्र हे फलन येईल असे एकही फलन नाही, कारण कोणतेही अवकलज मधली मूल्ये गाळून अशी उडी मारू शकत नाही.

स्थिरांक क आणि केवलमूल्याच्या दोन उभ्या रेघा

अनिश्चित समाकलाच्या शेवटी ‘+ क’ लिहिले नाही तर गुण कापले जातात, एवढ्यावर पुष्कळांचे त्याविषयीचे ज्ञान थांबते. ∫ साइन क्ष कॉस क्ष डीक्ष हे उदाहरण तिघांना दिले, तर साइनला ट मानणारा (साइन² क्ष)/२ लिहील, कॉसला ट मानणारा −(कॉस² क्ष)/२ लिहील, आणि दुप्पट कोनाचे सूत्र वापरणारा −(कॉस २क्ष)/४ लिहील. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिल्या दोघांत १/२ चा फरक आहे, पहिल्या व तिसऱ्यात १/४ चा, आणि हा फरक क मध्ये सामावतो. म्हणून आपले उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळले नाही तर लगेच खोडू नये. आपल्या उत्तराचे अवकलन करून मूळ फलन मिळते का ते पाहावे. मिळाले तर वाद संपला.

हाच स्थिरांक विसरला तर काय होते हे दाखवणारे एक जुने कोडे आहे. ∫ (१/क्ष) डीक्ष हे खंडशः समाकलनाने सोडवताना १/क्ष हे पहिले आणि १ हे दुसरे फलन घेतले, तर उत्तर १ + ∫ (१/क्ष) डीक्ष असे येते. दोन्ही बाजूंचा समाकल काढून टाकला की ० = १ उरते. अनिश्चित समाकल हे एक फलन नसून स्थिरांकाने वेगळ्या असलेल्या फलनांचा समूह आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना तो ‘सारखा’ दिसला तरी त्यांत १ चा फरक असण्याला काहीच अडचण नाही. सीमा घातल्या की १ या स्थिर फलनाची वरची आणि खालची किंमत एकमेकांतून वजा होते आणि कोडे विरून जाते.

आता ∫ (१/क्ष) डीक्ष = लॉग |क्ष| + क यातील केवलमूल्य. क्ष ऋण असताना लॉग क्ष या लेखनाला वास्तव संख्यांत अर्थ नाही, पण लॉग (−क्ष) चे अवकलजही १/क्ष येते, म्हणून दोन्ही बाजू एका सूत्रात बसवण्यासाठी त्या उभ्या रेघा आहेत. मात्र त्या घातल्या म्हणजे शून्य ओलांडण्याचा परवाना मिळत नाही. ‘अवकलज शून्य असेल तर फलन स्थिर असते’ हे विधान सलग अंतरालापुरतेच खरे आहे. १/क्ष चे क्षेत्र शून्यापाशी तुटते, आणि दोन तुकड्यांवर दोन निराळे स्थिरांक घेता येतात. शून्याच्या उजवीकडे लॉग क्ष + ५ आणि डावीकडे लॉग (−क्ष) − ३ असे फलन लिहिले तरी त्याचे अवकलज १/क्षच राहते. म्हणून एकच क लिहिताना आपण एकाच तुकड्यावर आहोत हे गृहीत असते.

पद्धत निवडण्याआधी रूप सोपे करा

निम्मी उदाहरणे बीजगणिताने किंवा त्रिकोणमितीच्या नित्यसमानतांनी इतकी सोपी होतात की पुढे एखादे सूत्र पुरते. गुणाकार विस्तारून पाहावा, अपूर्णांक वेगळे करावेत, साइन² किंवा कॉस² असेल तर दुप्पट कोन आणावा. यात धोका आहे तो वर्गमुळाचा. √(क्ष²) म्हणजे क्ष नव्हे, |क्ष|. ∫[० ते पाय] √(१ + कॉस २क्ष) डीक्ष यात आतली राशी २ कॉस² क्ष आहे. घाईने √२ कॉस क्ष लिहिले तर उत्तर शून्य येते, आणि धन फलनाचे समाकलन शून्य कसे, हा प्रश्न पडायला हवा. बरोबर रूप √२ |कॉस क्ष| असे आहे. कॉस क्ष हे पाय/२ नंतर ऋण होते, म्हणून अंतराल तेथे तोडून दोन्ही भाग मिळवले की २√२ हे उत्तर मिळते.

चल बदलण्याची रीत

सब्स्टिट्यूशन या नावाने विद्यार्थी जी ओळखतात ती ही रीत म्हणजे साखळी नियम उलटा वाचणे. शोधायचे असते ते एखाद्या फलनाच्या पोटात बसलेले दुसरे फलन आणि शेजारी गुणाकारात उभे असलेले त्याचे अवकलज, मग ते एखाद्या स्थिर संख्येने कमीजास्त का असेना. ∫ क्ष ई^(क्ष²) डीक्ष यात क्ष² पोटात आहे आणि त्याच्या अवकलजाचा निम्मा भाग, म्हणजे क्ष, बाहेर आहे. ट = क्ष² घेतले की क्ष डीक्ष च्या जागी (डीट)/२ येते आणि उत्तर ई^(क्ष²)/२ + क मिळते. बाहेरचा क्ष नसता तर ही रीत लागली नसती. डीक्ष च्या जागी काय ठेवायचे हे न सुटल्यास ते तसेच सोडून पुढे जाणे, किंवा एकाच समाकलात क्ष आणि ट दोन्ही शिल्लक ठेवणे, ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

निश्चित समाकलात चल बदलले की सीमाही बदलाव्यात आणि पुन्हा क्ष कडे परतू नये, हे मी नेहमी सुचवतो, कारण परतीच्या वाटेवर चुका जास्त होतात. ∫[−१ ते २] क्ष ई^(क्ष²) डीक्ष यात ट च्या सीमा १ व ४ होतात आणि उत्तर (ई⁴ − ई)/२ येते. येथे सावध वाचकाला शंका यावी: −१ पासून २ पर्यंत जाताना क्ष² आधी कमी होतो आणि मग वाढतो, तरी चालते? चालते. समाकल्य, म्हणजे ज्याचे समाकलन करायचे ते फलन, ‘ट चे फलन गुणिले ट चे अवकलज’ या रूपात तयार असेल, तर ट ने मध्ये मागेपुढे केले तरी त्याची ये-जा एकमेकींतून वजा होते.

पण आता ∫[−१ ते १] क्ष² डीक्ष घ्या आणि तेथेही ट = क्ष² ठेवा. दोन्ही सीमा १ होतात, म्हणून समाकल शून्य. खरे उत्तर मात्र २/३ आहे. फरक एवढाच की या वेळी डीक्ष काढण्यासाठी आपल्याला क्ष = √ट असे उलटे लिहावे लागले, आणि ते अंतरालाच्या उजव्या अर्ध्यावरच खरे आहे; डाव्या अर्ध्यावर क्ष = −√ट असतो. जेथे जुने चल नव्या चलाच्या भाषेत लिहावे लागते, तेथे प्रत्येक ट साठी एकच क्ष असला पाहिजे, नाहीतर अंतराल तोडले पाहिजे.

याच जातीचा, पण अधिक लपलेला सापळा ट = टॅन (क्ष/२) या प्रसिद्ध चलबदलात आहे. ∫[० ते २पाय] डीक्ष/(२ + कॉस क्ष) मध्ये तो वापरला की सीमा ० आणि ० होतात. समाकल्याचे मूल्य मात्र १/३ आणि १ यांच्या दरम्यान असते, त्यामुळे अंतरालाची लांबी २पाय लक्षात घेता उत्तर सुमारे २.०९ ते ६.२८ यांच्यात असलेच पाहिजे. घोटाळा असा की क्ष = पाय येथे टॅन (क्ष/२) अनंताकडे जाऊन दुसऱ्या बाजूने, म्हणजे ऋण अनंताकडून, परततो. अंतराल पाय वर तोडल्यास प्रत्येक भाग पाय/√३ देतो आणि एकूण उत्तर २पाय/√३, म्हणजे सुमारे ३.६३, त्या दोन मर्यादांत नीट बसते. समाकल्याच्या लहानात लहान व मोठ्यात मोठ्या मूल्याला अंतरालाच्या लांबीने गुणून उत्तराची कुंपणे आधीच घालून ठेवण्याची ही सवय फार कमी कष्टात फार मोठ्या चुका पकडते.

खंडशः समाकलन

गुणाकाराच्या अवकलनाचा नियम उलटा केला की ही रीत मिळते: पहिले फलन तसेच ठेवून दुसऱ्याचे समाकलन करायचे, आणि त्यातून ‘पहिल्याचे अवकलज गुणिले दुसऱ्याचे समाकलन’ याचा समाकल वजा करायचा. उरणारा समाकल मूळच्यापेक्षा सोपा व्हावा, हाच निवडीचा निकष. ∫ क्ष कॉस क्ष डीक्ष मध्ये क्ष ला पहिले घेतले की त्याचे अवकलज १ होते आणि उत्तर क्ष साइन क्ष + कॉस क्ष + क येते. ∫ लॉग क्ष डीक्ष मध्ये दुसरे फलन दिसत नसले तरी १ तेथे आहेच. ते दुसरे घेतले की क्ष लॉग क्ष − क्ष + क मिळते.

निवडीसाठी शिकवण्यांमध्ये ‘लायेट’ हा क्रम पाठ करून घेतात: आधी लॉग, मग व्यस्त त्रिकोणमितीय, मग बैजिक, मग त्रिकोणमितीय, शेवटी घातांकी. हा क्रम उपयोगी आहे, पण तो नियम नाही. ∫ क्ष³ ई^(क्ष²) डीक्ष मध्ये त्याप्रमाणे क्ष³ पहिले घेतले तर ई^(क्ष²) चे समाकलन करावे लागेल, आणि ते परिचित फलनांत होतच नाही. त्याऐवजी क्ष² पहिले आणि क्ष ई^(क्ष²) दुसरे अशी फोड केली की मघाचेच समाकलन कामी येते आणि उत्तर (क्ष² − १) ई^(क्ष²)/२ + क मिळते. म्हणजे दुसरे फलन निवडताना ‘याचे समाकलन मला करता येते का’ हा प्रश्न आधी, क्रम नंतर.

∫ ई^क्ष साइन क्ष डीक्ष सारख्या उदाहरणात दोनदा खंडशः गेले की मूळ समाकल पुन्हा समोर येतो; त्याला एखादे अक्षर देऊन समीकरण सोडवावे. फक्त दोन्ही वेळी त्याच जातीचे फलन पहिले घ्यावे. दुसऱ्या वेळी निवड उलटली तर केलेले सगळे उलगडून ० = ० हाती लागते.

आंशिक अपूर्णांक आणि २२/७

बहुपदीला बहुपदीने भागलेले समाकल्य असेल तर आधी कोटी, म्हणजे क्ष चा सर्वांत मोठा घात, पाहावी. अंशाची कोटी छेदाच्या कोटीइतकी किंवा जास्त असेल, तर भागाकार केल्याखेरीज आंशिक अपूर्णांक मांडू नयेत. पुढची रीत यांत्रिक आहे: छेदाचे अवयव पाडायचे, प्रत्येक अवयवाखाली अज्ञात अंश मांडायचा, क्ष ला सोयीच्या किमती देऊन ते अंश काढायचे. तीत फारसे खाचखळगे नाहीत, म्हणून तिच्यावर जास्त थांबत नाही.

भागाकाराचे एक देखणे उदाहरण मात्र द्यायलाच हवे. ∫[० ते १] क्ष⁴(१ − क्ष)⁴/(१ + क्ष²) डीक्ष यात भागाकार केला की क्ष⁶ − ४क्ष⁵ + ५क्ष⁴ − ४क्ष² + ४ − ४/(१ + क्ष²) असे रूप मिळते. शेवटच्या पदाचे समाकलन व्यस्त टॅनने होऊन −पाय देते, बाकीची पदे मिळून २२/७ देतात, आणि उत्तर २२/७ − पाय. समाकल्य ० व १ यांच्या आत धन आहे, म्हणजे २२/७ हे पायपेक्षा मोठे आहे हे एका ओळीत सिद्ध झाले. छेद १ आणि २ यांच्या दरम्यान राहतो, आणि केवळ अंशाचे समाकलन १/६३० येते. म्हणून हा फरक १/१२६० आणि १/६३० यांच्यात अडकलेला आहे. शाळेत ‘पाय = २२/७’ असे लिहिणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांना ती चूक नेमकी किती होती हे सांगणारा समाकल म्हणून मला हे उदाहरण आवडते.

सेक चे समाकलन आणि मर्केटरचा नकाशा

∫ सेक क्ष डीक्ष = लॉग |सेक क्ष + टॅन क्ष| + क हे सूत्र पुस्तकात येते ते ‘अंश व छेद यांना (सेक क्ष + टॅन क्ष) ने गुणा’ अशा सूचनेसह. ही युक्ती कोणाला सुचली असेल असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो, आणि तो रास्त आहे, कारण इतिहासात हे उत्तर आधी आले आणि सिद्धता मागाहून. मर्केटरने १५६९ साली खलाशांसाठी जो जगाचा नकाशा काढला, त्यात सर्व अक्षवृत्ते सारख्या लांबीची दाखवली आहेत. प्रत्यक्षात अक्षवृत्ताची लांबी अक्षांशाच्या कॉसच्या प्रमाणात कमी होत जाते, म्हणजे नकाशावर ती सेक पट ताणली गेली. कोन बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिण अंतरही तेथे सेक पट ताणावे लागते. मग विषुववृत्तापासून एखाद्या अक्षांशाचे नकाशावरील अंतर काढायचे तर ० पासून त्या अक्षांशापर्यंत सेकची बेरीज घ्यावी लागते. एडवर्ड राइट यांनी १५९९ साली प्रसिद्ध केलेली कोष्टके अशा बेरजांचीच होती, आणि त्या वेळी लायब्निट्झ जन्मलेही नव्हते. पुढे १६४५ च्या सुमारास हेन्री बाँड यांना ही कोष्टके टॅनच्या लॉगॅरिदमच्या कोष्टकांशी जुळतात असे आढळले. जेम्स ग्रेगरी यांनी १६६८ साली ते सिद्ध केले आणि आयझॅक बॅरो यांनी १६७० साली सोपी सिद्धता दिली.

बॅरो यांची वाट आजही शिकण्यासारखी आहे, कारण तीत कोणतीही जादू नाही. १/कॉस क्ष च्या अंशाला व छेदाला कॉस क्ष ने गुणावे, छेदातील कॉस² क्ष ऐवजी १ − साइन² क्ष लिहावे, साइन क्ष ला ट मानावे, म्हणजे समाकल्य १/(१ − ट²) होते. त्याचे आंशिक अपूर्णांक पाडून (१/२) लॉग |(१ + ट)/(१ − ट)| मिळते. चल बदलणे आणि आंशिक अपूर्णांक या दोन रीती येथे एकामागून एक लागतात, आणि कॉसच्या किंवा साइनच्या विषम घाताचे कोणतेही उदाहरण याच वाटेने सुरू करता येते.

९० अंशांपाशी सेक अनंताकडे जातो आणि त्याचे समाकलनही अनंत होते, म्हणून मर्केटरच्या नकाशावर ध्रुव दाखवता येत नाहीत. मोबाइलवरील बरेच नकाशे हेच प्रक्षेपण वापरतात आणि सुमारे ८५.०५ अंशांवर कापलेले असतात. तेथे सेकच्या समाकलनाची किंमत नेमकी पाय होते, आणि २पाय रुंदीचा नकाशा चौरस बनतो.

अनंताला स्पर्श करणारे समाकल

सीमा अनंत असेल किंवा मधल्या एखाद्या बिंदूवर फलन अनंताकडे जात असेल, तर त्या समाकलाला इम्प्रॉपर म्हणतात. तेथे आधी थोडे अलीकडे थांबून समाकलन करायचे आणि मग सीमामूल्य घ्यायचे. फलन अनंताकडे गेले म्हणजे क्षेत्रफळ अनंत होतेच असे नाही: ० ते १ या अंतरालावर १/√क्ष चा समाकल २ आहे, पण १/क्ष चा अनंत आहे. उलट बाजूने, फलन लहान राहिले म्हणजे समाकल अस्तित्वात येतो असेही नाही. ० पासून अनंतापर्यंत साइन क्ष चा समाकल ० आणि २ यांच्यात हिंदकळत राहतो, कोठेच स्थिरावत नाही.

अडचणीचा बिंदू मध्ये असेल तर अंतराल तेथे तोडावे आणि दोन्ही बाजूंची सीमामूल्ये स्वतंत्रपणे काढावीत. दोन्ही सांत असतील तरच त्यांची बेरीज करावी. −१ ते १ वर १/क्ष चा समाकल ‘विषम फलन (क्ष चे चिन्ह बदलले की ज्याचेही चिन्ह बदलते असे), म्हणून शून्य’ असे म्हणता येत नाही, कारण दोन्ही बाजू अनंत आहेत आणि अनंतातून अनंत वजा करण्याला ठरलेले उत्तर नाही. हे अनंत सीमांबाबत अधिक स्पष्ट दिसते: २क्ष/(१ + क्ष²) या विषम फलनाचा समाकल −र ते र घेतला तर तो नेहमी शून्य येतो, पण −र ते २र घेऊन र वाढवत नेला तर लॉग ४ कडे जातो. उत्तर आपण कोणत्या वेगाने दोन टोकांकडे गेलो यावर अवलंबून असेल, तर समाकल अस्तित्वात नाही असेच म्हणावे लागते.

सूत्र नसते तेव्हा

ई^(−क्ष²), (साइन क्ष)/क्ष, १/लॉग क्ष या फलनांची प्रतिअवकलजे बहुपदी, घातांकी, लॉग, त्रिकोणमितीय आणि त्यांच्या व्यस्त फलनांच्या मर्यादित जोडणीतून लिहिता येत नाहीत. हे आपल्या बुद्धीचे अपयश नव्हे. अशी सिद्धता कशी द्यावी याचा पाया लिऊव्हिल यांनी १८३० च्या दशकात घातला. पण सूत्र नसणे आणि समाकल नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ई^(−क्ष²) संतत आहे, त्यामुळे ० ते १ वरचा त्याचा समाकल आहेच, आणि संपूर्ण संख्यारेषेवरचा समाकल तर √पाय इतका नेटका येतो. मधल्या अंतरालांसाठी आकडेमोड करावी. सिम्पसनच्या नियमाने अंतरालाचे फक्त दोन भाग घेतले, तरी (१ + ४ ई^(−१/४) + ई^(−१))/६, म्हणजे ०.७४७२ मिळतात, चार दशांश स्थळांपर्यंतचे मूल्य ०.७४६८ आहे.

कधी कधी प्रतिअवकलज न काढताही सममितीने काम होते. ∫[० ते पाय] (क्ष साइन क्ष)/(१ + कॉस² क्ष) डीक्ष घ्या. छेद अंतरालावर कोठेही शून्य होत नाही, म्हणून पहिली तपासणी पार पडली. छेद १ ते २ यांच्या दरम्यान आहे आणि ० ते पाय वर क्ष साइन क्ष चा समाकल पाय आहे, म्हणून उत्तर पाय/२ आणि पाय यांच्यात असेल. आता क्ष च्या जागी पाय − क्ष ठेवा. साइन तोच राहतो, कॉसचा वर्गही तोच राहतो, आणि दोन रूपे मिळवली की अंशातील क्ष जाऊन पाय उरतो. समाकलाची दुप्पट = पाय ∫[० ते पाय] साइन क्ष/(१ + कॉस² क्ष) डीक्ष. ट = कॉस क्ष घेतले की उजवीकडचा समाकल पाय/२ येतो, आणि मूळ समाकल पाय²/४, सुमारे २.४७. तो १.५७ आणि ३.१४ यांच्या मध्ये आहे.

सरावासाठी ∫[० ते ४पाय] √(१ − कॉस क्ष) डीक्ष सोडवून पाहा. उत्तर शून्य आले तर केवलमूल्य सुटले आहे, ४√२ आले तर अंतरालाचा अर्धाच भाग मोजला गेला आहे. बरोबर उत्तर ८√२ आहे.